अंगणवाडीची वही आणि शाळेचा पट

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीचे काही दिवस भंडारा जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक गावात घरोघरी फिरत असतात. यंदा पहिलीत किती मुले येणार, हा त्यांच्यापुढचा प्रश्न असतो. पुष्कळ गावांत उत्तर गेल्या वर्षीपेक्षा कमीच येते. मग शाळेत, ग्रामपंचायतीत आणि केंद्राच्या बैठकीत चर्चा सुरू होते. कुणी म्हणते, गुरुजी नीट शिकवत नाहीत. कुणी म्हणते, कान्व्हेंटची गाडी थेट गावात येऊ लागली. कुणी म्हणते, लोकच नागपूरकडे निघून गेले. कुणी म्हणते, आता घरोघरी एकच मूल.

यातील प्रत्येक म्हणण्यात थोडेफार तथ्य असेल. पण किती? पट घसरण्याची कारणे वेगवेगळी करता येतात आणि प्रत्येकाचा वाटा मोजताही येतो. त्यासाठी मोठा संगणक लागत नाही. लागणारी माहिती शाळेपासून हाकेच्या अंतरावर, अंगणवाडीच्या वहीत असते. ती कशी वाचायची, ते या लेखात पाहू.

अंगणवाडी कशावर ठरते?

‘अंगणवाडी’ हा शब्द महाराष्ट्राचा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, हा त्यामागचा साधा विचार. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांसाठी आहार व आरोग्यशिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा तिथे द्यायच्या असतात.

शिक्षकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अंगणवाडी मंजूर होते ती गावाच्या एकूण लोकसंख्येवर. सर्वसाधारण ग्रामीण भागात ४०० ते ८०० वस्तीला एक, ८०० ते १,६०० ला दोन, असा हिशेब आहे. शाळेत शिक्षकांची पदे मात्र मुलांच्या संख्येवर ठरतात. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. म्हणजे एकाच आवारातील दोन संस्थांची मोजपट्टी निराळी आहे. गावाची वस्ती तेवढीच राहून मुलांचे प्रमाण घटले, तर अंगणवाडी तशीच राहते आणि शाळेतले एक पद जाते. गावकऱ्यांना मग वाटते, अंगणवाडी चांगली चालली आहे आणि शाळाच बुडते आहे. वास्तविक दोन्हीकडे घडते आहे एकच.

माणसे वाढली, मुले घटली

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाखांवरून ११ कोटी २४ लाखांवर गेली. त्याच काळात शून्य ते सहा वयोगटातील मुले सुमारे १ कोटी ३७ लाखांवरून १ कोटी ३३ लाखांवर आली. एकूण माणसे दीड कोटीने वाढली आणि मुले तीन लाखांहून अधिक कमी झाली. शंभर माणसांत १४ मुले होती, ती १२ उरली.

हे कसे शक्य आहे, असे विद्यार्थी हमखास विचारतील. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या मोठ्या पिढ्या आज तरुण आहेत आणि माणसाचे आयुष्यही वाढले आहे. म्हणून एकूण संख्या वाढत राहते. पण एका स्त्रीमागे सरासरी होणारी मुले घटली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात हा आकडा १९९२-९३ मध्ये २.८६ होता, २००५-०६ मध्ये २.११ झाला आणि २०१९-२१ मध्ये १.७ वर आला. एका पिढीची जागा पुढच्या पिढीने पुरती भरून काढायला तो साधारण २.१ लागतो. विहिरीत झऱ्याचे पाणी कमी झाले, तरी साठा काही काळ टिकतो, तसे हे आहे. झरा आटतो आहे हे पहिल्यांदा कळते ते तळाशी, म्हणजे अंगणवाडीत आणि पहिलीत.

भंडारा जिल्ह्यात ही गोष्ट अधिक ठळक दिसते. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यावर भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे सात तालुके जिल्ह्यात उरले. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ११,३६,१४६ होती. २०११ मध्ये ती १२,००,३३४ झाली. दहा वर्षांतील वाढ ५.६५ टक्के. त्याच दशकात राज्याची वाढ १६ टक्के होती. जिल्ह्यातले सुमारे ८० टक्के लोक खेड्यांत राहतात. म्हणजे हळू वाढणारी वस्ती, तीही लहान लहान गावांत विखुरलेली. लहान शाळांचा प्रश्न इथे आधी पोचावा, यात नवल नाही.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन सरकारने १ मार्च २०२७ ठरवला आहे. तोवर गावातील मुलांची नेमकी संख्या सांगणारी वही अंगणवाडीचीच.

हजार वस्तीचे एक गाव

आता आकडे गावाच्या मापाने पाहू. समजा, एका गावाची वस्ती कायम १,००० आहे. महाराष्ट्राचा जन्मदर, म्हणजे हजार लोकांमागे वर्षाला होणारे जन्म, १९९१ मध्ये सुमारे २६ होता. २००१ मध्ये तो २१ च्या आसपास, २०११ मध्ये १७ च्या आसपास आणि २०२० मध्ये १५ झाला. एखाद्या जिल्ह्याचा आकडा थोडा इकडे-तिकडे असेल. प्रमाण कळण्यासाठी राज्याची सरासरी पुरेशी आहे.

जन्मलेले प्रत्येक मूल मात्र शाळेपर्यंत पोचत नाही. १९९१ मध्ये राज्यात हजार जन्मांमागे ६० बाळे वर्षाच्या आत दगावत होती. २०२० मध्ये १६. म्हणून आपल्या गावात १९९१ च्या २६ बाळांपैकी वर्षाची झाली सुमारे २४; २०२० च्या १५ पैकी सुमारे १५. जन्म ४२ टक्क्यांनी घटले, पण जगलेली मुले ४० टक्क्यांनी. बाळे वाचू लागली, म्हणून घट थोडी कमी झाली. मूल जगेल अशी खात्री वाटू लागली, हेही आईबापांनी कमी मुलांवर थांबण्याचे एक कारण आहे. रिकाम्या बाकांकडे पाहताना ही बाजू विसरू नये.

तीन वर्षे पूर्ण ते सहा वर्षे म्हणजे तीन वर्षांची मुले. पूर्वी या गावात अशी सत्तरहून थोडी अधिक मुले होती, आता ४४-४५ आहेत. ती दोन अंगणवाड्यांत वाटली, तर एका ताईपुढे पूर्वी ३६ मुले बसत, आता २२. शिकवण्याच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे.

लहान संख्यांचा लहरीपणा

‘गेल्या साली पहिलीत १८ होती, यंदा ११च! काय झाले?’ असा जाब विचारला जातो. पुष्कळदा उत्तर असते: काहीही झाले नाही.

कोणत्या वर्षी गावात किती बाळे जन्मतील, हे कुणी ठरवून करीत नाही. सरासरी १५ असली, तरी दरवर्षी १५ येत नाहीत. अशा मोजणीसाठी संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे: चढउताराचे माप साधारण सरासरीच्या वर्गमुळाइतके असते. १५ चे वर्गमूळ जवळजवळ ४. याच्या दुप्पट, म्हणजे ८ इकडे-तिकडे, इतका फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. म्हणून बाळांची संख्या ७-८ ते २२-२३ यांच्या दरम्यान कुठेही आली, तरी त्यावरून काही निष्कर्ष काढू नये. हाच ठोकताळा मोठ्या संख्येला लावा. सरासरी १०,००० असेल तर वर्गमूळ १००, म्हणजे फक्त एक टक्का. जिल्ह्याचा आकडा स्थिर दिसतो आणि गावाचा उड्या मारतो, तो यामुळे.

मुली-मुलग्यांच्या प्रमाणाचेही तसेच. २०११ मध्ये भंडारा जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ९५० मुली होत्या, राज्यात ८९४. फरक मोठा आणि महत्त्वाचा आहे. पण १५ मुलांच्या वर्गात पहिल्या प्रमाणाने ७.३ मुली येतील आणि दुसऱ्या प्रमाणाने ७.१. वर्गाकडे पाहून हा फरक कधीच कळणार नाही. तो खात्रीने दिसायला चार-पाच हजार मुले मोजावी लागतील. उलट एखाद्या वर्षी वर्गात ४ मुली आणि ११ मुलगे आले, म्हणून गावावर संशय घेणेही बरोबर नाही. अनेक वर्षांची बेरीज करून मगच बोलावे.

आता ज्या आकड्यावरून मोठे निर्णय होतात, त्याकडे वळू. २० पेक्षा कमी पट ही ‘लहान शाळे’ची रेघ बऱ्याच चर्चांत येते. समजा, काही शाळांचा पट दीर्घकाळच्या सरासरीने २२ आहे. वर्गमुळाच्या हिशेबाने चढउतार ४ ते ५ मुलांचा. अशा दहा शाळा घेतल्या, तर कोणत्याही एका वर्षी त्यांतील सुमारे तीन शाळा २० च्या खाली दिसतील. त्या वाईट शाळा नाहीत. त्या वर्षी त्यांच्या वाट्याला कमी मुले आली, इतकेच. म्हणून एका वर्षाच्या ३० सप्टेंबरच्या पटावरून शाळेचे भवितव्य ठरवणे शास्त्रीय नव्हे. निदान पाच वर्षांची सरासरी पाहावी.

ताप एक, कारणे चार

योगायोग बाजूला काढला तरी खरी घसरण उरतेच. तिची मुख्य कारणे चार, आणि प्रत्येक कारण वहीत वेगळ्या जागी दिसते.

पहिले कारण, जन्म कमी होणे. हे अंगणवाडीच्या कुटुंब सर्वेक्षणात शाळेच्या सहा वर्षे आधी दिसते. येथे एक काळजी घ्यावी. जन्माची अधिकृत नोंद जिथे बाळंतपण झाले तिथे होते. लाखांदूरकडची सून भंडाऱ्याच्या किंवा माहेरच्या रुग्णालयात बाळंत झाली, तर नोंद तिथली. म्हणून ग्रामपंचायतीचे जन्मरजिस्टर गावातील बाळांची खरी संख्या सांगत नाही. अंगणवाडी सेविका घरोघर जाऊन राहत्या कुटुंबांची नोंद घेते; आपल्या कामाला तीच नोंद उपयोगी.

दुसरे कारण, स्थलांतर. एक वर्षाच्या आत नोंदलेले बाळ पाचव्या वर्षी गावात सापडत नाही. धानाची कापणी आटोपली की पूर्व विदर्भातली काही कुटुंबे मिरचीच्या तोडणीसाठी तेलंगणाकडे जातात आणि परत येतात. काही नागपूरला कायमची जातात. पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणामुळे गावेच्या गावे उठून नव्या गावठाणात गेली. अशा वेळी एका शाळेचा पट घटतो आणि दुसरीचा वाढतो. उलट जवाहरनगरचा आयुधनिर्माणी कारखाना, वरठीचा पोलाद कारखाना किंवा तुमसर तालुक्यातील चिखल्याच्या मँगनीज खाणी यांच्या आसपास रोजगाराच्या चढउताराबरोबर कुटुंबे येतात-जातात.

तिसरे कारण, शाळेची निवड. मूल गावात आहे, सर्वेक्षणात आहे, पण पहिलीच्या हजेरीत नाही. असे मूल बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षीच खासगी के.जी.त गेलेले असते. पालकांचा निर्णय पहिलीच्या वेळी होत नाही, तो अंगणवाडीच्या वयात होतो. दाखलपात्र मुलांसाठी जूनमध्ये घरोघर फिरणारे शिक्षक तीन वर्षे उशिरा पोचलेले असतात.

चौथे कारण, वयाची अट. प्रवेशासाठी सहा वर्षे कोणत्या तारखेला पूर्ण हवीत, ती तारीख तीन महिने अलीकडे-पलीकडे केली, तर त्या एका वर्षी पहिलीत १२ ऐवजी ९ किंवा १५ महिन्यांत जन्मलेली मुले येतात. म्हणजे २५ टक्क्यांची घट किंवा वाढ, तीही एकदाच. असा फुगवटा किंवा खळगा वर्गावर्गांतून पुढे सरकत जातो.

पुढचा पट आजच काढू या

आता एक कल्पित गाव घेऊन हिशेब करू. ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण करणारी मुले त्या वर्षी पहिलीत येतात, असे धरू.

२०१६ मध्ये जन्मलेली: सर्वेक्षणात बाळे २१, पाचव्या वर्षी गावात १९, जून २०२२ मध्ये जिल्हा परिषद शाळेत १४.
२०१७ मध्ये जन्मलेली: बाळे १९, पाचव्या वर्षी १८, जून २०२३ मध्ये शाळेत १२.
२०१८ मध्ये जन्मलेली: बाळे २०, पाचव्या वर्षी १७, जून २०२४ मध्ये शाळेत १२.

तीन वर्षांची बेरीज केली तर बाळे ६०, पाचव्या वर्षी ५४, शाळेत ३८. बेरीज का? एकेका वर्षाच्या प्रमाणात योगायोगाचा वाटा फार असतो, तो बेरजेत कमी होतो.

पहिले प्रमाण ५४ भागिले ६०, म्हणजे ०.९०. हे गावात टिकण्याचे प्रमाण. दुसरे ३८ भागिले ५४, म्हणजे ०.७०. हे शाळा निवडण्याचे प्रमाण. दोहोंचा गुणाकार ०.६३. आता त्याच वहीत २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये जन्मलेली बाळे अनुक्रमे १८, १५ आणि १६ असतील, तर जून २०२६, २०२७ आणि २०२८ मध्ये पहिलीत सुमारे ११, ९ आणि १० मुले अपेक्षित धरावीत. प्रत्येक आकड्यात तीनेक मुलांचा फरक पडू शकतो, हेही शेजारी लिहून ठेवावे. अंदाजासोबत त्याची चूक न लिहिणे म्हणजे अर्धाच अंदाज सांगणे.

या दोन प्रमाणांचा खरा उपयोग निदानासाठी आहे. दोन गावे घ्या. दोन्हींत पहिलीचा पट २० वरून १२ झाला. पहिल्या गावात बाळे ३० वरून १८ झाली, पण बाळांपैकी शाळेत येणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही वेळा दोन-तृतीयांश. दुसऱ्या गावात बाळे पूर्वीइतकीच, ३०; प्रमाण मात्र दोन-तृतीयांशावरून दोन-पंचमांशावर आले. पहिल्या गावातील शिक्षकांना दोष देणे अन्यायाचे आहे. त्यांनी कितीही घरे पालथी घातली तरी नसलेली मुले मिळणार नाहीत. दुसऱ्या गावात मात्र ‘लोकसंख्याच घटली हो’ म्हणून हात झटकता येणार नाहीत. तिथे आधी टिकण्याचे आणि निवडण्याचे प्रमाण वेगळे काढावे. निवडण्याचे घसरले असेल, तर अंगणवाडीत काय चालते, पालक के.जी.त काय शोधतात, हे विचारावे लागेल.

संख्या कळल्यावर

हा प्रश्न काही भंडाऱ्यापुरता नाही. जपानमध्ये १९७३ साली सुमारे २०.९ लाख बाळे जन्मली, २०२३ साली सुमारे ७.३ लाख. महाराष्ट्रातच, शिक्षण विभागाने २०२३ मध्ये मांडलेल्या आकडेवारीनुसार, २० किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक होते; शाळेमागे सरासरी साडेबारा मुले. अशा शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार तेव्हा पुढे आला. त्यावर मतभेद आहेत आणि ते राहणार. मात्र निर्णय कोणताही असो, त्याआधी दोन गोष्टींचा हिशेब व्हावा.

एक, अंतर. दहा वर्षांचे मूल गाडीने पुढच्या गावी जाईल. तीन वर्षांचे जाणार नाही. शाळा दूर गेली आणि अंगणवाडी गावात एकटी राहिली, तर दोघींचा दुवा तुटतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानला आहे. त्यात अंगणवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी येतात. वर्षाला दहा मुले असणाऱ्या गावात चौथीपर्यंतची शाळा ४० मुलांची दिसते. अंगणवाडीची तीन वर्षे मिळवली, तर तिथे ७० मुले आहेत. पट मोजताना ही ७० मुले एकत्र पाहिली, तर पुष्कळ लहान शाळा तितक्या लहान राहत नाहीत.

दोन, या वयातील शिक्षणाचे मोल. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ मध्ये गरीब कुटुंबांतील १२३ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. ५८ मुलांना चांगली बालवाडी मिळाली, ६५ मुलांना नाही. ही माणसे चाळिशीची होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. बालवाडी मिळालेल्यांचे शालेय शिक्षण अधिक झाले होते, मिळकत अधिक होती, गुन्ह्यांतील अटका कमी होत्या. आपला वर्गमुळाचा ठोकताळा इथेही लावावा: १२३ ही लहान संख्या आहे, एवढ्यावरून जगभरचा नियम सांगता येत नाही. पण दिशा स्पष्ट आहे. ताईपुढे ३६ ऐवजी २२ मुले आली असतील, तर प्रत्येक मुलाशी बोलायला, गोष्ट सांगायला, त्याच्या घरच्या झाडीबोलीतून प्रमाण मराठीकडे हळूहळू न्यायला तिला वेळ मिळतो. तो वेळ नोंदी भरण्यात संपतो की मुलांसाठी उरतो, यावर पुढचे बरेच अवलंबून आहे.

वर्गात करून पाहा

पाटीवर किंवा जमिनीवर सारख्या आकाराचे १६ चौकोन आखा. धानाचे ६४ दाणे मुठीत घेऊन न पाहता सगळीकडे विखरून टाका. बाहेर पडलेले उचलून पुन्हा टाका. प्रत्येक चौकोनात सरासरी ४ दाणे पडायला हवेत. प्रत्यक्ष मोजा. एखाद्या चौकोनात एकच असेल, एखाद्यात सात-आठ. प्रत्येक चौकोन म्हणजे एक गाव आणि प्रत्येक दाणा म्हणजे त्या वर्षी जन्मलेले एक बाळ, असे मुलांना सांगा. मग विचारा: ज्या गावात एकच दाणा पडला, त्या गावाचे काय चुकले?

वरच्या वर्गातील मुलांना दुसरे काम द्या. अंगणवाडीच्या ताईंना विचारून, नावे न घेता, फक्त जन्मवर्षानुसार बाळांची संख्या उतरवून आणा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधून पहिलीत दाखल झालेल्यांची संख्या काढा. वर दाखवल्याप्रमाणे दोन्ही प्रमाणे काढून पुढील तीन वर्षांचा अंदाज, चुकीच्या मर्यादेसह, फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढच्या जूनमध्ये तो पडताळून पाहा. अंदाज मर्यादेबाहेर गेला, तर गावात काहीतरी बदलले आहे, आणि ते काय हे शोधायला तेव्हाच निघावे.